तीन की चार

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटचे पाहुणेही गेले. सोफ्याच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये बाबांची घडी घातलेली शाल. आमचा अबोला अकरा वर्षांचा. बाबा गेले तरी तो सुटला नव्हता. रडूही आलं नव्हतं.

कुकर लावून आईनं स्वयंपाकघरातून सवयीनं विचारलं, "किती झाल्या रे शिट्ट्या?"

"तीन," दादा म्हणाला.

"चार," मी म्हणालो.

"तीनच! लहानपणापासून तुला मोजता येत नाही."

"आणि तुला ऐकू येत नाही!"

आवाज चढले. शिट्ट्या होतच राहिल्या. डाळ करपेल म्हणून मी आत धावलो. आई गॅसच्या बटणावर हात ठेवून उभी होती. बंद करत नव्हती.

"भांडा अजून थोडं," ती म्हणाली.