वाचवलेला क्लब

तिरंदाजी क्लबला पंचवीस वर्षं झाली म्हणून राजारामपुरीतल्या मैदानावर संस्थापक बादशहा मुलाणींचा सत्कार होता. भाषणात त्यांनी क्लबचा इतिहास सांगितला.

"जागेचे मालक आता हयात नाहीत, म्हणून सांगतो. एकदा ते म्हणाले, 'राज्य स्पर्धेला माझ्या पोरीला पाठवा, न्हायतर मैदान मोकळं करा.' चाचणीत पहिली आलती माझी मेहमुदा. काळजावर दगड ठेवून मी तिचं नाव मागं घेतलं. पण क्लब वाचवला!"

टाळ्या थांबेनात. काहींनी डोळे पुसले. लेक मदिहाला घेऊन बसलेल्या मेहमुदाचे हात मात्र मांडीवरच होते. 'पुढच्या वर्षी तूच,' असं अब्बा तेव्हा म्हणाले होते. पुढचं वर्ष यायच्या आत त्यांनीच तिचं लग्न लावून दिलं. नंतर तिनं कधी धनुष्य हातात धरलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर छोट्या मदिहानं मैदानावरचं एक धनुष्य उचललं आणि दोरी ओढून बघितली. ते बघून बादशहा शाल सावरत लगबगीनं आले.

"अगं, हात बघ की हिचा! अगदी तुझ्यासारखा हाय. हिला माझ्याकडं सोड. नॅशनलला नेतो."

मेहमुदानं लेकीच्या हातातलं धनुष्य काढून खाली ठेवलं.

"नको अब्बा. परत क्लब वाचवायची येळ आली, तर तुम्ही हिलाच मागं ठेवाल."