होरुगाची शेपूट

"संग्रहालयातल्या होरुगाच्या पाटीवर तुमचं नाव निघालं तर मी माझ्याच दुकानात माझ्या डोक्याचा चकोट करीन," गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडालेला कुनिएदा न्हावी म्हणाला. "नाही निघालं तर आजोबा, तुम्ही तिथंच, सगळ्यांसमोर, होरुगासारखं चालून दाखवायचं. दारापर्यंत आणि परत."

"कबूल," मुनाकाता आजोबा म्हणाले.

गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात रोज हाच विषय. पन्नास वर्षांपूर्वी सिनेमातल्या होरुगा राक्षसाच्या रबरी सोंगात आपण होतो, असं म्हातारा सांगायचा. सगळे खो खो हसायचे. आजोबांची बायको तेवढी हसायची नाही. रबराच्या आतल्या घामानं त्यांच्या अंगभर उठलेलं पुरळ तिनं बघितलं होतं, पावडर तिनंच लावली होती. ती या वसंतात गेली. तेव्हापासून आजोबा न्हाणीघरात सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या शेवटी उठत. घरी जाऊन बोलायचं कुणाशी?

रविवारी दोघं सिनेमाच्या संग्रहालयात गेले. काचेमागं होरुगा उभा होता. रबर तडकलेलं, दोन दात पडलेले.

"मानेत ती भोकं दिसतात ना, तिथून बघायचं," आजोबा म्हणाले. "काही दिसायचं नाही म्हणा."

"चष्मा लावायचा होता."

पाटीवर लिहिलं होतं : वेशातील नट, हिराबायाशी. एकच नाव. आजोबांनी पाटी दोनदा वाचली.

"त्याला ताप आला होता. किनाऱ्यावरचं सगळं काम माझं. पण नाव एकाचंच टाकायची रीत होती तेव्हा."

"हो ना. मीपण राजवाड्यात हजामती करायचो. पाटीवर नाव नाही, एवढंच."

 आजोबांनी आपली काठी कुनिएदाच्या हातात दिली.

मग गुडघे वाकवले, हनुवटी वर केली आणि निघाले. पाय उचलत नव्हते, पुढं सरकवत होते. पोरं खिदळली, लोकांनी फोन काढले. मागच्या भिंतीवर होरुगाचा जुना सिनेमा आवाज बंद करून चालू होता. कुनिएदा काठी गदेसारखी खांद्यावर टाकून मजा बघत होता.

दाराशी आजोबा वळले. म्हणजे आधी कमरेला हिसडा दिला आणि थांबले. मागून काहीतरी जड सरपटत येतंय, त्याची वाट बघावी तसे. मग डावा पाय चांगला गुडघ्यापर्यंत उचलला आणि मोकळ्या फरशीवर काहीतरी ओलांडलं.

पोरं आणखी हसली.

कुनिएदाची नजर भिंतीकडं गेली. किनाऱ्यावर होरुगा वळत होता. कमरेला हिसडा. थांबला. डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलून त्यानं स्वतःची शेपूट ओलांडली.

कुनिएदाच्या खांद्यावरची काठी हळूहळू खाली आली.

फोटोसाठी एक बाई आजोबांच्या मागं जाऊन उभी राहायला निघाली. कुनिएदानं काठी आडवी धरली.

"बाई, जरा बाजूनं. शेपूट आहे तिथं."

आजोबांनी ते ऐकलं. हनुवटी तशीच वर ठेवून ते परत चालत आले, जरा सावकाशच.

सोमवारी सकाळी भर बाजारात, दुकानाच्या काचेसमोर, कुनिएदा खुर्चीत डोकं वाकवून बसला होता आणि वस्तरा आजोबांच्या हातात होता.