यूस्तिनाचा भाऊ

"नीट उभी राहा गं. भाऊ येतोय तुझा, पोलीस नाही," पारास्का म्हणाली.

कॅनडातल्या सास्काटूनच्या विमानतळावर यूस्तिना सारखी हातमोजे काढत होती, घालत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिचा शांतपणा सगळ्यांना ठाऊक होता, तिला आज एका जागी उभं राहवत नव्हतं.

दारातून रुंद खांद्यांचा एक ठेंगणा म्हातारा बाहेर आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती छातीशी धरली आणि तो गर्दीकडे पाहत राहिला. पारास्काने मैत्रिणीला पुढे ढकललं.

"ताई?" म्हातारा म्हणाला.

"झेन्को," यूस्तिना म्हणाली.

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पारास्का त्या दोघांपेक्षा जास्त रडली. तिचा तो हक्कच होता. सगळं तिनंच तर घडवून आणलं होतं. युक्रेनमधल्या आपल्या मावशीला लिहून, यूस्तिनाला न विचारता, तिने हा भाऊ शोधून काढला होता. सैबेरियाच्या छावणीतून सुटल्यावर तो गावी परतलाच नव्हता. दूर कझाकस्तानात, खाणीच्या गावात राहत होता. यूस्तिनाच्या वाढदिवसाला मधाच्या केकबरोबर पारास्काने त्याचा पत्ताही तिच्या हातात ठेवला होता. यूस्तिना मटकन खुर्चीत बसली होती. आनंदानं माणसाचं असंही होतं, असं सगळे म्हणाले.

तेव्हापासून ईस्टरला आणि नाताळला पत्रं जात-येत राहिली. बटाटे कसे आलेत, थंडी किती पडलीय, गुडघे काय म्हणतायत. पुढे लोकरीचे मफलर गेले, सुकवलेल्या अळंब्या आल्या. आता तिकडच्या सरकारने दारं जरा किलकिली केली होती, आणि झेनोवी, म्हणजे तिचा झेन्को, महिनाभरासाठी आला होता.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी जेवण ठेवलं होतं. वारेनिकीची, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, ताटं फिरत होती.

"लहानपणीची एखादी गंमत सांगा की हिची," कुणीतरी म्हणालं.

झेनोवीने काटा खाली ठेवला. "मी फार लहान होतो हो, तिला जर्मनांनी मजुरीला नेलं तेव्हा. हट्टी होती, एवढं आठवतं."

"अजून आहे!" पारास्का ओरडली. सगळे हसले. यूस्तिनाही हसली.

दोघांचं छान जमलं. त्याने फाटकाची कुरकुर घालवली, गळकी पन्हळ बसवली. बोर्श्चमध्ये, बीटाच्या त्या सुपात, लसूण कधी घालायचा यावरून रोज वाद. "ताई, तू पुस्तकं सांभाळ, हे माझ्यावर सोड," असं म्हणून तो तिच्या हातातला डाव काढून घेई. संध्याकाळी ती घरी आली की विचारी, "आज उशीर?" हे विचारणारं तिच्या घरात कधी कुणी नव्हतं. ती ग्रंथालयातून लवकर निघू लागली.

एक दिवस तिने त्याला ग्रंथालय दाखवायला नेलं. युद्धानंतर ती कॅनडात आली ती इस्पितळात फरश्या पुसायच्या करारावर. दिवसा फरशी, संध्याकाळी इंग्रजी. असं करत शिकली, ग्रंथपाल झाली. मग गावोगावची युक्रेनी वाचनालयं बंद पडू लागली, तेव्हा धान्याच्या कोठारांतून, कोंबड्यांच्या खुराड्यांतून पुस्तकं गोळा करत ती भर बर्फात हिंडली. एकेक पान पुसून तिने ती इथं लावली होती. मुखपृष्ठावर नाव एक आणि नोंदीत दुसरं, हे तिला मुळीच खपत नसे.

झेनोवी कपाटांमधून सावकाश चालत गेला. "हे सगळं तू एकटीनं केलंस, ताई?" तो म्हणाला. "आईनं पाहायला हवं होतं."

यूस्तिनाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

कारण ती त्याची ताई नव्हती. खरी यूस्तिना जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत क्षयाने गेली होती, हिच्याच मांडीवर डोकं ठेवून. त्या दिवसांत सोव्हिएत अधिकारी येत आणि युक्रेनच्या पूर्वेकडच्या लोकांना मालमोटारींत कोंबून परत नेत. पश्चिमेचा भाग युद्धाआधी पोलंडमध्ये होता, म्हणून तिकडच्यांना राहता येई. ती पूर्वेकडची होती, मेलेली मैत्रीण पश्चिमेकडची. बराकीतल्या बायकांनीच यूस्तिनाचं ओळखपत्र तिच्या हातात कोंबलं. "घे पोरी. तिला आता काय करायचंय?"

नाव अंगवळणी पडलं. भावाचा पत्ता हातात आला तेव्हा 'तुझी बहीण मेली' असं लिहायला ती बसलीही होती. पण तिकडे एका माणसाचं जगात बाकी कुणी उरलं नव्हतं. इकडे तिचंही नव्हतं. तिने बटाट्यांबद्दल लिहिलं.

जायच्या दिवशी सकाळी तिने चहा केला. त्याची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. दुपारी पारास्का गाडी घेऊन येणार होती.

"पुढच्या वर्षी तू ये, ताई," तो म्हणाला. "गावी जाऊ. आईच्या थडग्यावर दिवा लावू."

त्या थडग्यापाशी मुलगी म्हणून उभं राहणं तिला जमणार नव्हतं. तिने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याच्याकडे न पाहता, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत. यूस्तिना कशी गेली, शेवटी काय म्हणाली, 'झेन्कोला माझा शेंदरी रुमाल द्या' म्हणाली, तेही.

"रुमाल तिच्याबरोबरच पुरला आम्ही," ती म्हणाली. "तू आता मला काय हवं ते बोल. उठून गेलास तरी चालेल."

तो उठला नाही. मग खिशातून रुमाल काढून त्याने डोळे पुसले आणि टेबलावरून हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला.

"झेन्को सैबेरियाच्या छावणीतच गेला, बाई," तो म्हणाला. "सुटकेच्या आदल्या आठवड्यात. त्याच्या नावावर सुटलो तो मी. माझं नाव मिरोन. तुमचं?"