चिकटवलेली चाकं

आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. ती तिहेरी शर्यत सुरू होण्याआधीच प्रशिक्षक सरांनी आपल्या सायकलची चाकं बदललेली पाहून मैना भडकली. “सर, माही ट्यूबची चाकं कुठी हायेत?” “जीपमध्ये. हे रिमला चिकटवलेले टायर बघ, किती हलके!” “अन् पंक्चर झालं तं? ट्यूब रस्त्यात जोडता येते, हे कसं जोडू? कुंपणासाठी लोकं बाभळीच्या फांद्या ओढत नेऊन राह्यले. सावली गावाच्या रस्त्यावर काटेच काटे हायेत.” “जिंकायचंय की पंक्चर काढत बसायचंय?” “मले पोचाचं हाय! सायकल मले चालवाची, तं मले काऊन नाई इचारलं?” शिट्टी वाजली. बाकीच्या मुली तळ्यात उतरल्या. मैना काठावरच उभी राहिली, हात जीपकडे रोखून. शेवटी सरांनी जीपची किल्ली काढली. “मी पोहून येतवरी माही चाकं लावून ठेवा,” एवढं बोलून मासे धरणाऱ्या ढिवराच्या त्या लेकीने पाण्यात सूर मारला.