मुठीवरचा खळगा

संग्रहालयातल्या बाईंनी तलवारीच्या पात्यावरून भिंग उचललं. "पातं समुद्रापलीकडचं आहे," त्या म्हणाल्या.

टेलरमास्तर खुर्चीच्या कडेवर आले. "गाव कोणतं?"

"तेच सांगता येत नाही, काका. हा चंद्रकोरीचा शिक्का मुळात एका गावचा. पण त्या गावच्या मालाला नाव होतं, म्हणून इतरांनीही तो बिनदिक्कत मारला. अशी पाती गठ्ठ्यांनी बोटीतून यायची. ज्या बंदरात उतरली, तिथे मुठी बसायच्या."

"मग मूठ तरी?"

"साधं लाकूड आहे. कुठल्याही सुताराने केली असेल."

मास्तरांनी नुसती मान हलवली. अनाथाश्रमाच्या पायरीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल आणि शेजारी ही तलवार, एवढंच त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं. कुणी गाव विचारलं की जन्मभर त्यांनी ते हसण्यावारी नेलं. परवा दवाखान्यातून घरी आले आणि चहा घ्यायच्या आधी त्यांनी माळ्यावरून तलवार काढायला लावली.

"बाबा, निघू या," शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली. "दमलात तुम्ही."

"थांबा जरा." बाई मूठ खिडकीच्या उजेडात फिरवून पाहत होत्या. "इथे लाकूड झिजून खळगा पडलाय. अंगठ्याचा. पण उजव्या हाताने धरली तर अंगठा या बाजूला यायला हवा, आणि खळगा आहे पलीकडे. धरणारा डावखुरा होता. किंवा धरणारी, मूठ बारीक आहे. वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या हातात होती ही. याच्या पुढचं मला नाही सांगता येणार."

मास्तर मुलीकडे वळले.

"तू धर."

"मी कशाला?"

"धर गं."

तिने सवयीने डावा हात पुढे केला. अंगठा अलगद खळग्यात जाऊन बसला.

"हिच्या आईच्या माहेरी कुणी डावखुरं नाही," मास्तर बाईंना म्हणाले. "ही कुणावर गेली, म्हणून लहानपणी सगळे विचारायचे."

मुलगी तलवार टेबलावर ठेवायला लागली. मास्तरांनी तिच्या मुठीवर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "थोडा वेळ धरून बस."