गंजावरची पुट्टी

देवगाव फाट्यावर आश्रुबा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. त्याच्या लेकीचं, राजेश्रीचं ठरलेलं लग्न नागनाथनं खोटंनाटं सांगून मोडलं होतं. पुढं सेलूचं चांगलं स्थळ मिळालं, पण आश्रुबाच्या मनातला डंख काही गेला नाही. आणि एक दिवस तोच नागनाथ गंजलेली गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"आश्रुबा, झालं गेलं इसरा. काम तेवढं झकास करा."

"करतो की," आश्रुबा हसून म्हणाला.

एरवी तो पत्रा लख्ख होईस्तोवर घासायचा, प्रायमर मारायचा आणि मगच पुट्टी भरायचा. या वेळी त्यानं गंजावरच पुट्टी थापली आणि वरून झकपक रंग मारला. पावसाळ्यात पोपडे सुटतील, चारचौघांत नागनाथची शोभा होईल, या विचारानंच त्याचं काळीज थंड झालं.

पंधरवड्यानं तीच गाडी पुन्हा दारात थांबली. आतून जावई उतरला आणि त्याच्यामागून हसत राजेश्री.

"मामा, पाथरीच्या एजंटाकडून घेतली. काम तुमच्या हातचं हाय म्हणला, मंग मी बारीक बघितलंच न्हाई!"