रोटी नावाची ओळ

"ओळीत नुसती प्रश्नचिन्हंच आहेत," तुहामी म्हणाला. "एकवीसच्या एकवीस."

"काल धड होती ना?" त्याच्या बायकोने, मनूबियाने, दारातूनच विचारलं.

"काल सगळ्या फायली नव्या मशीनच्या अक्षरांत बदलून घेतल्या. बाकी अकराशे नीट आल्या, हीच एक मेली. राखीव प्रतीवरही हेच चढलं."

"म्हणजे घर झाडायला काढलंत आणि पाहुण्याचीच चप्पल केरात टाकलीत."

निवृत्त गणित मास्तर तुहामी सफाक्स शहरातल्या या घरातून वीस वर्षं इंटरनेटवर एक भांडार सांभाळत होता. एका चिन्हात आकड्यांच्या रांगाच्या रांगा हलवणाऱ्या संगणकाच्या भाषा, आणि त्यांत लोकांनी लिहिलेले प्रोग्राम. त्रिकोण, गोल, उलटे आकडे. अख्खा प्रोग्राम एका ओळीत मावायचा. कॅनडा-डेन्मार्कची माणसं इथून उतरवून न्यायची.

मेलेली ओळ लझहरची होती. लझहर त्याचा जिवलग, गेल्या रमजानआधी वारला. फाइलला त्याने नाव दिलं होतं 'खुब्झ', म्हणजे रोटी. का, ते त्यालाच ठाऊक. ती कुणाच्याच मशीनवर कधी चालली नाही, आणि म्हणूनच तिची एवढी कीर्ती. जाणकार पत्रांतून भांडायचे. एक म्हणे जुन्या यंत्राची आहे, दुसरा म्हणे कोडं आहे. न चालणारी ओळ दुसऱ्या कुठल्या भांडाराने ठेवून घेतली नव्हती. ज्यांनी उतरवली असेल त्यांना सकाळीच पत्रं गेली होती. उत्तर एकाचंही नाही.

आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर लझहरची मुलगी सलवा यायची होती. बापाच्या आठवणींचं पुस्तक उद्या छापायला जाणार. पहिल्या पानावर ही ओळ.

"तिला काय सांगू? तुझ्या बापाची शेवटची खूण मी पुसली?" तुहामीने कागदावर आठ चिन्हं काढली, खोडली. "आधी त्रिकोण की आधी गोल? वीस वर्षं रोज बघतोय गं!"

"माझं तोंड तर त्याच्याही आधीपासून रोज बघताय. डोळ्यांचा रंग सांगा."

त्याने कागद उलटा करून पुन्हा पेन्सिल उचलली.

लझहर याच टेबलाशी संध्याकाळच्या संध्याकाळी बसायचा. भला माणूस. घरच्या बाईकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, नजर सदा रोटीच्या टोपलीवर.

तीन वाजले. साडेतीन. तुहामीने दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

मनूबिया आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रोटी झाकायचं फडकं होतं, निळ्या भरतकामाच्या काठाचं. एके काळी ते रोज टोपलीवर असायचं; गेल्या वीस वर्षांत टेबलावर आलं नव्हतं.

"काठ बघा. उजवीकडून."

तुहामीने चष्मा लावला. त्रिकोण, दोन गोल, मधून दांडी गेलेला गोल. "हीच! अगं, ही भाषा उजवीकडूनच वाचतात! तू कधी भरलीस? त्याच्या कागदावरून?"

"उतरवा आधी. पोरगी दारात उभी राहील."

त्याने एकेक चिन्ह उतरवलं. एकवीस. जिच्यावरून डेन्मार्कचा माणूस भांडला होता ती सातव्या जागची जोडीही तंतोतंत जुळली. तुहामी खुर्चीत मागे रेलला आणि लहान मुलासारखा हसला.

सलवा आली. ओळ बघताच तिने तोंडावर हात ठेवला.

"सी तुहामी," ती आदराने म्हणाली, "बाबा म्हणायचे, मी आयुष्यात मनापासून एकच ओळ लिहिली." मग तिला फडकं दिसलं. "लल्ला मनूबिया! तुम्ही बाबांची ओळ भरलीत?"

"कॉफी घे, गार होतेय."

सलवाने फडक्याला हात लावायच्या आत मनूबियाने ते ओढून घेतलं आणि एक कोपरा आत दडेल अशी घडी घातली. त्या कोपऱ्यात तिच्या आईने, निळा काठ भरून संपवल्यावर, लाल दोऱ्याने लेकीच्या लग्नाचं साल भरलं होतं. लझहरने या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला, त्याच्या अकरा वर्षं आधीचं.